दुकान खाली, ऑफिस मधात, घर वर: नागपूरच्या टॉवरात साडेतीन वर्षं राहून झाल्यावर

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी तीन. त्यातला अर्धा स्टार आईचा आहे, मी एकटी असती तर अडीचवर थांबली असती. बिल्डिंगचं आणि बिल्डरचं नाव लिहीत नाही, कारण मला तिथेच राहायचं आहे, आणि तसंही वर्धा रोडच्या पट्ट्यात या छापाच्या इतक्या इमारती उभ्या होऊन राहिल्या आहेत की नाव बदललं तरी गोष्ट तीच निघेल.

तर आमचं असं आहे. खाली दोन बेसमेंट, ग्राउंड आणि त्यावरचे दोन मजले दुकानं, त्यावर एक मजला पार्किंग, मग पोडियम, म्हणजे या सगळ्याच्या डोक्यावरची मोठी सपाट गच्ची, जिला ब्रोशरमध्ये गार्डन म्हटलं होतं, आणि त्या पोडियमवरून दोन टॉवर उठतात, एक ऑफिसचा ठेंगणा, एक राहायचा उंच. मिक्स्ड-यूज म्हणतात याला. विमानतळ जवळ असल्यामुळे इथे मनाला येईल तितकं वर जाता येत नाही, एअरपोर्ट अथॉरिटीची उंचीची एनओसी लागते, म्हणून मग जे वर जमलं नाही ते सगळं खालीच ठासून भरलंय. आमचा फ्लॅट चौदाव्यावर, पश्चिमेकडे. हे पश्चिमेकडे लक्षात ठेवा, पुढे कामात येईल.

मी ही बिल्डिंग का घेतली त्याचं कारण माझं आजोळ आहे. आजोळ इतवारीत, नागपूरच्या जुन्या बाजारपेठेत, खाली मामाचं दुकान, वर घर. दुपारी मामा शटर अर्धं ओढून जिना चढून यायचे, जेवायचे, दहा मिनिटं आडवे व्हायचे आणि परत खाली. संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर अर्धी गल्ली बसलेली. त्यामुळे सेल्सवाल्या पोराने जेव्हा सांगितलं ना, मॅडम लिव्ह, वर्क, शॉप, सगळं एकाच जागी, ही नागपुरात नवीन कन्सेप्ट आहे, तेव्हा मला हसूच आलं. नवीन काऊन, बाप्पा, अख्खी इतवारी अशीच आहे. पण एक फरक तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. इतवारीत दुकान, जिना, नळ, नाली, मीटर, सगळ्याचा मालक एकच, मामा. नाली तुंबली तर मामाच काठी घेऊन उभे. इथे दुकानवाला वेगळा, ऑफिसवाला वेगळा, आम्ही वेगळे, आणि जिथे एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू होतं, तिथेच सगळी बोंब आहे. मजले सुंदर काढलेत आर्किटेक्टने, सांधे कोणी काढलेच नाहीत.

आधी चांगलं सांगते, नाहीतर लोकं म्हणतील रडूनच राहिली. आई ७१ वर्षांची, दोन्ही गुडघे गेलेले, पण ती गेल्या तीन वर्षांत माझ्यावर अवलंबून नाही. लिफ्टने खाली गेली की किराणा, मेडिकल, दाताचा डॉक्टर, ब्लाउज शिवणारी, डेअरी, सगळं एका छपराखाली, एकही रोड क्रॉस करायचा नाही. वर्धा रोडवर रोड क्रॉस करणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. संध्याकाळी पोडियमवर तिचा ग्रुप असतो. मेट्रो स्टेशन चालत आठ मिनिटं, मी ऑरेंज लाइनने सीताबर्डी, तिथे बदलून अ‍ॅक्वाने सुभाष नगर, उन्हाळ्यात तर गाडी काढायचा विचारच करत नाही. आणि रात्री दहालाही खाली उजेड असतो, माणसं असतात, पोरगी ट्यूशनवरून आली की मला बाल्कनीत उभं राहावं लागत नाही. नुसत्या फ्लॅटच्या कॉलनीत आठनंतर जो सुन्नाट असतो तो इथे नाही. मिक्स्ड-यूजचा खरा फायदा हाच, आणि तो आम्हाला मिळालाय, हे मान्य.

आता पार्किंग. साधा हिशोब आहे, ऑफिसवाले दिवसा येतात, घरवाले दिवसा जातात, म्हणजे एकच जागा दोघांना पुरली पाहिजे. अशी बिल्डिंग बांधायचं अर्धं शहाणपण त्यातच आहे. पण आमच्याकडे प्रत्येक जागा नंबर टाकून, साखळी लावून दिलेली. मी एका मंगळवारी सकाळी ११ ला बेसमेंटात फिरून मोजलं, राहणाऱ्यांच्या १४० जागांपैकी ८६ रिकाम्या, साखळ्या लटकलेल्या, आणि त्याच वेळी वर गेटवर ऑफिस आणि दुकानाच्या गाड्यांची लाइन सर्व्हिस रोडपर्यंत, हॉर्न वाजून राहिले, गार्ड बिचारा शिट्टी फुंकून लाल. आत यायला आणि बाहेर जायला रॅम्प एकच, आणि किराणा दुकानाचा मालाचा टेम्पोही त्याच रॅम्पच्या तोंडाशी उभा राहून पोती उतरवतो, कारण माल उतरवायची वेगळी जागा नकाशातच नाही. तीन मजले दुकानं काढली आणि माल आकाशातून येईल असं वाटलं का यांना?

माझा मामेभाऊ स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्याला एकदा दिवाळीत फिरवलं. तो बेसमेंटात एका पिलरजवळ थांबला आणि हसायला लागला. माझ्या गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा बरोबर त्या पिलरवर आपटतो, मी रोज पलीकडच्या सीटवरून सरकून उतरते. म्हटलं दादा हसतो काऊन, तर म्हणाला, "अगं, नियमाने गाडीला अडीच मीटर बाय पाच मीटर जागा लागते, ती यांनी कागदावर दिली आहे, पण पिलर त्या जागेच्या हिशोबाने नाही, वर तुझी बेडरूम कुठे आहे त्या हिशोबाने आलाय." मग त्याने समजावलं. घराला लहान लहान खोल्या, म्हणून भिंती आणि पिलर जवळजवळ. दुकानाला मोकळा गाळा पाहिजे. पार्किंगला दोन पिलरमध्ये तीन गाड्या बसतील असं अंतर पाहिजे. तिघांचं माप वेगळं. मग एक तर पोडियमवर जाड तुळया टाकून वरचा भार दुसरीकडे वळवायचा, त्याला ट्रान्सफर म्हणतात, ते महाग पडतं आणि उंचीही खातं, नाहीतर पहिल्या दिवसापासून तिघांना चालेल असं माप शोधून त्यावर फ्लॅट बसवायचे. आमच्याकडे फ्लॅट आधी काढले आणि पिलर तसेच्या तसे खाली सोडून दिले. म्हणून दुसऱ्या मजल्यावरच्या साडीच्या दुकानात बरोबर काउंटरसमोर एक पिलर आहे, त्याला त्यांनी आरसे लावलेत.

पाइपचं तेच. वरून येणाऱ्या सगळ्या संडास-बाथरूमच्या लाइनी कुठेतरी आडव्या वळवून बाजूला न्याव्या लागतात, कारण खाली दुकान आहे, त्याच्या मधातून तर पाइप नेता येत नाही. त्यासाठी मधात कमी उंचीचा एक सर्व्हिस फ्लोअर ठेवतात, माणूस वाकून आत जाईल आणि दुरुस्ती करेल. आमच्याकडे तो नाही, लाइनी थेट दुकानांच्या फॉल्स सीलिंगवरून गेल्यात. मागे एकदा साडीवाल्याच्या सीलिंगमधून टपकलं. कोणाचं टपकलं ते विचारू नका, पैठण्यांवर टपकलं एवढंच सांगते. तो वर भांडायला आला, वरचे म्हणाले लाइन कॉमन आहे, सोसायटी म्हणाली सीलिंग तुमचं आहे, प्लंबर म्हणाला सीलिंग फोडल्याशिवाय हात जात नाही. तीन आठवडे बादली ठेवून दुकान चालवलं त्याने.

आता ऊन. इथे मी जरा जास्त लिहीन, कारण नागपुरात बिल्डिंग कशी आहे हे मे महिना ठरवतो, ब्रोशर नाही. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ होतं, आणि २०२४ च्या मे मध्ये एका सेन्सरने ५६ दाखवलं तेव्हा सगळ्या देशात आपली बातमी झाली, मग ते सेन्सरच बिघडलेलं निघालं, पण गंमत बघा, आम्हा नागपूरकरांना ५६ वाचून फार धक्का बसला नाही, आम्ही म्हटलं असेल बा. तर अशा गावात पश्चिमेच्या भिंतीला हॉलभर उंचीची काच. ना छज्जा, ना जाळी, ना खोल बाल्कनी. दुपारी तीनपासून सूर्य समोरून आडवा आत येतो आणि सातपर्यंत जात नाही. पडदा लावा तर पडदा तापतो. एप्रिलात मी रात्री ११ ला भिंतीला हात लावला, पोळी टाकता आली असती. आमच्या इतवारीच्या घराला दोन फुटांच्या भिंती आणि वर छज्जा, कोणी आर्किटेक्ट नव्हता तिथे, गवंडी होता.

आणि कूलर! नागपुरात घर बांधून कूलरची जागा न देणारा माणूस मला एकदा भेटायचा आहे. इथे दहा लाखांचं घर असो की कोटीचं, खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, वाळ्याच्या ताट्या, वर बारीक नळ, खाली पाणी जायला पाइप, ही आमची पद्धत आहे आणि कोरड्या उन्हात ती एसीपेक्षा स्वस्तात काम करते. आमच्या बिल्डिंगचा नियम आहे की बाहेरून एलिव्हेशन, म्हणजे बिल्डिंगचा दर्शनी भाग, खराब होईल असं काही लावायचं नाही. म्हणून कूलर नाही. एसी लावा. ठीक, एसी लावू. तर एसीच्या बाहेरच्या युनिटसाठी जागा कुठे, दोन फ्लॅटच्या मधात चार फुटांची एक अरुंद डक्ट, तिन्ही बाजूंनी बंद, त्यात प्रत्येक मजल्याची युनिटं एकावर एक. प्रत्येक युनिट गरम हवा त्या डक्टमध्ये फेकते, गरम हवा वर चढते, खालच्या मजल्याने फेकलेली गरम हवा वरच्याचं युनिट ओढते. म्हणजे जितकं वर तितकं वाईट. आमचा चौदावा मजला, मे मध्ये दुपारी चारला एसी दर वीस मिनिटांनी ट्रिप. मेकॅनिक आला, त्याने नुसतं डक्टच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि लगेच आत घेतलं, "ताई, मशीन चांगली आहे, हवाच खराब आहे." दोनशे रुपये घेतले यासाठी.

वासाबद्दल थोडक्यात. दुसऱ्या मजल्यावर नॉन-व्हेज रेस्टॉरंट आहे, जेवण चांगलं, तक्रार नाही. पण त्याच्या किचनची चिमणी पार गच्चीपर्यंत न्यायच्या ऐवजी पोडियमवरच सोडली आहे, पाचव्या ते आठव्या मजल्यावरचे लोक दुपारी साडेबाराला सगळे रस्सा खातात, नाकाने. त्यातलं एक कुटुंब जैन आहे.

पाण्याची रात्र मात्र थोडक्यात सांगता येणार नाही. २३ सप्टेंबर २०२३, नागपुरात कोणी विसरणार नाही, मध्यरात्रीनंतर चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या हॉलमध्ये, मोरभवन बस स्टँडवर बसा बुडालेल्या. आमच्याजवळ नदी नाही, पण आमच्याकडे रॅम्प आहे. समोर सिमेंट रोड झाल्यापासून रोड वर आणि गेट खाली, आणि रॅम्पच्या तोंडाला पाणी अडवायला जो उंचवटा पाहिजे तो नाही, कारण मोठ्या गाड्यांचं पोट घासेल. पहाटे चारला गार्डचा फोन आला, मॅडम गाडी काढा, मी नाइटीवर ओढणी घेऊन लिफ्टकडे पळाली आणि लिफ्टचं बटण दाबलं तर लाइट गेली. नशीब दाबल्यावर गेली, आत गेल्यावर नाही. चौदा मजले उतरून खाली पोहोचली तर खालच्या बेसमेंटात गाड्या तरंगून एकमेकींना टेकलेल्या, कोणाचा तरी अलार्म पाण्याखालून वाजून राहिला होता.

गाड्यांचं जाऊ द्या, त्यांचा इन्शुरन्स असतो. मेन पॅनल, जिथून सगळ्या बिल्डिंगला वीज जाते, ते खालच्या बेसमेंटात. पाण्याचे पंप खालच्या बेसमेंटात. जनरेटर मात्र वर, ग्राउंडला, एकदम कोरडा, धडधाकट, पण त्याची वीज बिल्डिंगला जोडणारं पॅनल कुठे, तर खालच्या बेसमेंटात. जनरेटर चालू करून आम्ही त्याच्याकडे बघत उभे. पावसाचं पाणी उताराकडेच जाणार, आणि यांनी सगळ्यात खाली सगळ्यात महत्त्वाचं ठेवलं, कारण वरची प्रत्येक चौरस फूट विकता येते. ३१ तास लाइट नव्हती. वरची टाकी पहिल्याच सकाळी संपली. आई म्हणे, "मी काही उतरत नाही वं, उतरली तर चढवशील कशी?" बरोबर होतं तिचं. पाण्याच्या कॅना चौदा मजले कोणी चढवल्या, तर ऑफिसच्या टॉवरमधल्या कॉल सेंटरच्या पोरांनी, ज्यांच्या बाइकांबद्दल आम्ही दर मीटिंगला तक्रार करतो. खालच्या डेअरीवाल्याने फ्रीजर बंद पडल्यावर दूध आणि आइस्क्रीम जिन्यात बसून वाटून टाकलं. आईचा अर्धा स्टार त्या दिवसाचा आहे.

त्यानंतर पॅनल वर आणायचा प्रस्ताव आला आणि तेव्हा आम्हाला आमची बिल्डिंग खरी समजली. मीटिंगमध्ये हात वर करून काही होत नाही, डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, म्हणजे कोणाची मालकी किती ते लिहिलेल्या नोंदणीच्या कागदात, ज्याचा जितका टक्का, तितकं त्याचं वजन. न विकलेली दुकानं अजून बिल्डरकडे, त्याचा टक्का मोठा, आणि त्याला पॅनल हलवायची घाई नाही कारण दुकानांना वेगळं मीटर, वेगळी लाइन. खर्च कोणी किती करायचा यावर १४ महिने गेले. दुकानवाले म्हणतात आम्ही तुमची लिफ्ट वापरत नाही, आम्ही म्हणतो तुमचं गिऱ्हाईक आमचा रॅम्प वापरतं, ऑफिसवाले म्हणतात आम्ही भाडेकरू आहोत. मेंटेनन्स दुकान, ऑफिस आणि घर यांचा पहिल्यापासून वेगवेगळा काढायला पाहिजे होता, कोणती लिफ्ट कोणाची, कोणता पंप कोणाचा, हे नकाशा काढतानाच ठरवून. एका फ्लॅटचा महिन्याचा मेंटेनन्स ७,५०० च्या वर गेला आणि सोसायटीचं वर्षाचं कलेक्शन २० लाखांच्या वर असलं की त्यावर १८ टक्के जीएसटी बसतो, मागच्या वर्षी आम्ही तिथेही पोहोचलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक काढून नको ते सगळं घेऊन जा म्हणतात, ग्रुपवर एका काकांनी टाकलं, मेंटेनन्स घेऊन जाऽऽ गे मारबत. सगळ्यात जास्त अंगठे त्याच मेसेजला.

आगीचं एक बघून घ्या कुठेही जाल तर. उंच इमारतीत मधल्या काही मजल्यांवर रिफ्यूज एरिया ठेवावा लागतो, आग लागली तर लोकांनी थांबायची मोकळी जागा. आमच्या एका रिफ्यूजमध्ये कोणाचा तरी सोफा, दोन सायकली आणि गणपतीचं मखर होतं. आगीची यंत्रणा चालू आहे असा दाखला, त्याला फॉर्म बी म्हणतात, दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून घ्यावा लागतो. मागा तो बघायला. आम्ही मागितला तेव्हा मखर हललं.

आणि ज्यांना नकाशात जागाच नाही ते लोक. आमच्या कपड्यांना प्रेस करणारा भाऊ पहिलं वर्ष रॅम्पच्या खालच्या तिरप्या कोपऱ्यात उभा राहायचा, जिथे डोकं सरळ होत नाही. अख्खं दुकान घ्यायची त्याची ऐपत नाही, आणि सहा बाय सहाचा छोटा गाळा कोणी काढला नाही. गार्डने हाकललं की दोन दिवस बाहेर, मग परत. सकाळी गेटबाहेर तर्री पोह्याचा ठेला लागतो, सगळी बिल्डिंग तिथे उभी असते, ऑफिसवाले, दुकानवाले, वरचे, आणि आत एट्रियममध्ये, म्हणजे दुकानांच्या मधल्या चौकात, संगमरवरी बाकडी रिकामी. दुसऱ्या मजल्यावरची अर्धी दुकानं बंद आहेत कारण सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला, रोडवरून दिसत नाहीत. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कोणाला विचारा, पाठ करून बसलेलं दुकान चालतं का.

मागच्या महिन्यात सेकंड फेजचं ब्रोशर आलं. त्यात पश्चिमेकडच्या फ्लॅटला सनसेट व्ह्यूचे चौरस फुटाला जास्त पैसे लावलेत. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणे, "मे मध्ये फुकट बसव त्या बिल्डरले आपल्या हॉलमध्ये." तुम्हाला फ्लॅट दाखवायला सकाळी १० ला बोलावतील, जाऊ नका, एप्रिल-मे मध्ये दुपारी चारला जा आणि सॅम्पल फ्लॅट नको, खराखुरा फ्लॅट मागा, मग खाली बेसमेंटात उतरून पॅनल कुठे आहे ते विचारा.

मी सध्या फ्लॅट बदलायच्या मागे आहे. याच बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर, पूर्वेकडचा. रश्श्याचा वास येईल, चालेल. मालकाशी बोलणं चालू आहे, पार्किंग पिलरपासून दूर मिळतं का ते विचारलंय, अजून उत्तर आलेलं नाही.